चेहऱ्याची आग होते पण लाली दिसत नाही : रोझेशियाबद्दल एका ताईंना दिलेलं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मोठा होता आणि त्याचं उत्तर दोन ओळीत होण्यासारखं नाही म्हणून निवांत बसून लिहितोय. आधी बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं थोडक्यात सांगतो. वय 44, शिक्षिका, जळगावला राहता, रोज स्कूटीवर शाळेत जाणं-येणं. दोन वर्षांपासून गाल आणि नाक तापतं, आग होते, गरम चहा घेतला किंवा उन्हातून आलं की जास्त, मधूनमधून बारीक पुळ्या येतात. आधी पिंपल समजून उपाय केले, मग कुणी वांग म्हटलं म्हणून मेडिकलमधून एक क्रीम आणलं, त्याने आठ दिवसांत चेहरा एकदम छान झाला, ते दीड वर्ष लावलं, आणि आता एक दिवस जरी नाही लावलं तरी चेहरा भाजल्यासारखा होतो. स्किनच्या डॉक्टरांनी रोझेशिया (चेहरा तापून लाल होण्याचा, पुळ्या येण्याचा कातडीचा जुनाट आजार) सांगितलं पण घरातले म्हणतात हा तर गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याला कसा होईल. मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. आणि हे कायमचं बरं होतं का, पथ्य काय करायचं.

मी 22 वर्षं पुण्यात स्किनची प्रॅक्टिस करतोय आणि तुमच्यासारखी हुबेहूब गोष्ट घेऊन महिन्यातून चार-पाच जण तरी येतात.

गोऱ्यांच्या आजाराचं आधी बोलू. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला एक अंदाज सांगतो की प्रौढ माणसांमध्ये साधारण 5 टक्क्यांच्या आसपास लोकांना रोझेशिया असतो. गोऱ्या कातडीवर तो पटकन दिसतो म्हणून पुस्तकातले फोटो सगळे तसलेच, आणि आम्ही डॉक्टर शिकलो तेही त्याच फोटोंवर. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली झाकली जाते, चेहरा लाल न दिसता थोडा तांबूस, काळपट किंवा नुसता सुजल्यासारखा वाटतो. म्हणून आपल्याकडे डोळ्याने बघण्यापेक्षा विचारणं महत्त्वाचं. आग होते का, चुरचुरतं का, उन्हातून आल्यावर चेहरा किती वेळ तापलेला राहतो, साधं क्रीम किंवा साबण लावला तरी झोंबतं का. मी काचेची पट्टी गालावर दाबून बघतो, खालचं रक्त बाजूला सरतं आणि सोडल्यावर परत भरतं ते दिसतं. घरी करायचं असेल तर उजेडात आरशासमोर गालावर बोट दाबून सोडा, आणि दंडाच्या आतल्या बाजूची कातडी गालाशी ताडून बघा, फरक कळतो. चेहरा तापलेला असताना एक फोटो आणि सकाळी उठल्या उठल्या शांत असताना एक फोटो काढून डॉक्टरांना दाखवला तर निदानाला फार मदत होते, कारण क्लिनिकच्या एसीत तासभर बसल्यावर चेहरा निवलेला असतो आणि पेशंट म्हणतो डॉक्टर, काल बघायला हवं होतं तुम्ही.

आता हे का होतं ते सांगतो. चेहऱ्याच्या मधल्या भागात, म्हणजे गाल, नाक, हनुवटी, कपाळाचा मधला भाग, इथल्या रक्तवाहिन्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या नसा जरा जास्तच हळव्या झालेल्या असतात. मिरचीचा तिखटपणा आणि गरमपणा ओळखणारे जे सेन्सर कातडीत असतात ते एकच आहेत, म्हणून झणझणीत रस्सा आणि भर उन्हातला रस्ता या दोन्हीने चेहऱ्याला एकच निरोप जातो की रक्तवाहिन्या उघड. दुसरं म्हणजे कातडीची स्वतःची जंतूंशी लढायची जी यंत्रणा असते ती यांच्यात विनाकारण चिडलेली असते. 2007 साली संशोधकांनी दाखवलं की रोझेशियाच्या कातडीत कॅथेलिसिडिन नावाचं संरक्षक द्रव्य जास्त प्रमाणात आणि चुकीच्या रूपात तयार होतं आणि तेच सूज आणि लाली वाढवतं. तिसरा भाग डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यांचा, ते जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या केसांच्या मुळाशी असतात, त्यात घाबरण्यासारखं किंवा अस्वच्छ असं काही नाही, पण रोझेशियावाल्यांमध्ये त्यांची संख्या बरीच वाढलेली सापडते. यावर थोडी आनुवंशिकता, आईला किंवा मावशीला असाच तापणारा चेहरा असल्याचं बरेच जण विचारल्यावर सांगतात. हा संसर्ग नाही, टॉवेल वापरल्याने किंवा जवळ बसल्याने कुणाला होत नाही.

घरातले "पित्त वाढलंय, अंगात उष्णता आहे" म्हणतात त्यात उष्णतेने त्रास वाढतो हे निरीक्षण अगदी खरं आहे. गुलकंद, सब्जा घ्यायला माझी ना नाही, पण त्यावर भरवसा ठेवून औषध लांबवू नका.

पिंपल्सपेक्षा हे वेगळं कसं ओळखायचं तर पिंपल्समध्ये काळी-पांढरी टोकं असलेले बारीक दाणे असतात, रोझेशियात ते नसतात, नुसत्या तांबूस पुळ्या आणि त्याखाली तापलेली कातडी. वांग असेल तर तपकिरी डाग असतो पण आग होत नाही. गालावर फुलपाखरासारखा चट्टा, सोबत सांधे दुखणं, ताप, तोंडात फोड, केस गळणं असं असेल तर ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची) तपासणी करावीच लागते. तुमच्या वयात अजून एक घोळ होतो, पाळी जायच्या आधीची गरम लाट, पण ती चेहरा, मान आणि छातीवरही येते, दरदरून घाम फुटतो आणि काही मिनिटांत ओसरते. रोझेशियाची आग मुख्यतः चेहऱ्यापुरती, कोरडी, आणि तासन्‌तास रेंगाळते. दोन्ही एकत्र असू शकतात, तसं वाटत असेल तर गायनॅकना पण सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनीही चेहरा तापतो, चालू असेल तर डॉक्टरांना नाव सांगा, स्वतःहून बंद मात्र करू नका.

आता त्या क्रीमबद्दल, आणि हे मी जरा ठासून लिहिणार आहे कारण तुमच्या त्रासाचा मोठा भाग मला यातच दिसतोय. ती ट्यूब उलटून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर मिसळून "गोरेपणाचं क्रीम" किंवा "वांगाचं क्रीम" म्हणून ते सर्रास दिलं जातं, नाहीतर फंगसच्या औषधात मिसळलेलं असतं. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं आणि सूज दाबतं म्हणून आठ दिवसांत चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो, पेशंटला वाटतं औषध लागू पडलं. पण आत कातडी पातळ होत जाते, बारीक लाल शिरा उघड्या पडतात, डेमोडेक्स वाढतात, बायकांना गालावर लव वाढते, आणि ज्या दिवशी लावलं नाही त्या दिवशी आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल सुटून चेहरा पेटतो. मग माणूस घाबरून परत लावतो. हे व्यसनासारखंच चक्र आहे आणि यात तुमची चूक काहीच नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

देशभरातल्या स्किन ओपीडींमधली एक पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 पेशंटपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. म्हणजे दर सात जणांत एक. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरीपण काउंटरवर मागितलं की मिळतं ही परिस्थिती तुम्ही स्वतः बघितलीच आहे. मला याचा खरोखर त्रास होतो, कारण सहा महिन्यांत ताब्यात येणारा साधा आजार यामुळे दोन-तीन वर्षांचा होऊन माझ्याकडे येतो.

मग बंद कसं करायचं. दीड वर्ष रोज लावलंय तर एका रात्रीत फेकून देऊन घरी बसू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. काही पेशंटना मी थेट बंद करायला लावून पोटातून औषध सुरू करतो, काहींना आठ-पंधरा दिवस सौम्य स्टिरॉइडवर आणून दिवसाआड, मग दोन दिवसाआड असं उतरवतो. टॅक्रोलिमसचं मलम (स्टिरॉइड नसलेलं, सूज उतरवणारं) काही जणांना चालतं पण लावल्यावर सुरुवातीला आग होते आणि काहींचा रोझेशिया त्यानेच चाळवतो म्हणून सरसकट देत नाही. कसंही सोडलं तरी पहिले दोन-तीन आठवडे अवघड जातात, चेहरा सुजतो, पुळ्या उठतात, रात्री आगीने झोप लागत नाही. हे आधीच माहीत असलं की माणूस टिकतो. त्या दिवसांत स्वच्छ सुती कापड गार पाण्यात बुडवून पिळून दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवा, बर्फ थेट नको. घरच्यांनाही सांगून ठेवा की हा बरं होण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे, नाहीतर चौथ्या दिवशी कुणीतरी प्रेमाने तेच क्रीम परत हातात देतं.

रोझेशियाची नेमकी औषधं. पुळ्यांसाठी मेट्रोनिडाझोल जेल, 15 टक्क्यांचं अझेलिक अ‍ॅसिड जेल, आणि 1 टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम, ही तिन्ही चांगली आहेत. आयव्हरमेक्टिन रात्री एकदा, वाटाण्याएवढं कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल अशा पाच ठिकाणी. फरक दिसायला चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम बारा आठवड्यांना, पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे खूप आहेत. अझेलिक अ‍ॅसिड सुरुवातीला चुरचुरतं पण आपल्या रंगावर मागे राहणारे काळे डागही त्याने कमी होतात आणि गरोदरपणातही ते वापरता येतं, म्हणून मला आवडतं, फक्त कातडी थोडी शांत झाल्यावर सुरू करतो.

पुळ्या जास्त असल्या किंवा स्टिरॉइड सोडतानाचा भडका असला तर डॉक्सिसायक्लिन गोळी. 40 मिलिग्रॅमची हळूहळू सुटणारी गोळी रोझेशियासाठी 2006 साली अमेरिकेत मंजूर झाली, त्या डोसला ती जंतू मारत नाही, नुसती सूज उतरवते. मी बऱ्याचदा 100 मिलिग्रॅम देतो, सहा ते आठ आठवडे. ही गोळी जेवण झाल्यावर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ती घेताना ऊन जास्त बाधतं. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. त्यानेही नाही जमलं तर कमी डोसमध्ये आयसोट्रेटिनॉइन, पण त्यात गर्भाला मोठा धोका असल्याने पाळी चालू असलेल्या बायकांच्या बाबतीत फार जपून.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, ही सगळी औषधं पुळ्या घालवतात, कायमची लाली आणि उघड्या पडलेल्या शिरा त्याने जात नाहीत. ब्रिमोनिडिन जेल लावलं की काही तास लाली उतरते, पण ओसरल्यावर काहींची आधीपेक्षा जास्त भडकते, म्हणून स्टिरॉइडमधून नुकतं बाहेर पडणाऱ्याला मी ते देत नाही. शिरांसाठी लेझर, आपल्या रंगात काळे डाग पडायचा धोका असतो म्हणून ज्याला सावळ्या कातडीचा अनुभव आहे त्याच्याकडेच करा आणि कातडी शांत झाल्यावरच, भडकलेली असताना अजिबात नाही.

डोळ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही पण मी विचारतोच. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपणं, कोरडेपणा, पापण्यांच्या कडा लाल, वरचेवर रांजणवाडी होणं, यातलं काही आहे का? रोझेशिया डोळ्यांतही असतो, कधीकधी चेहऱ्याच्याही आधी, आणि माणूस वर्षानुवर्षं नुसते ड्रॉप घालत राहतो. असेल तर कोमट पाण्याची पट्टी बंद पापण्यांवर पाच मिनिटं ठेवून कडा हलक्या हाताने पुसायच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचं. डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी जा, बुबुळाला इजा होऊ शकते.

पुरुषांमध्ये नाकाची कातडी जाड आणि खडबडीत होत जाते हा अजून एक प्रकार. लोक लगेच "पितो" म्हणून शिक्का मारतात. आयुष्यात दारूला हात न लावलेले असे पेशंट मी पाहिलेत आणि त्यांची मान खाली गेलेली पाहवत नाही. दारूने चेहरा तापतो हे खरं, पण नाक जाड झालं म्हणजे माणूस पितो असा अर्थ नाही.

रोजचं काय करायचं ते सांगतो, आणि इथे माझा सल्ला कमी करा असाच आहे. तुम्ही लिहिलेली यादी वाचली, बेसन-दही, लिंबू, टोमॅटो, कोरफड, अक्रोडाचा स्क्रब, वाफ, महिन्याला फेशियल. हे सगळं तीन महिने बंद. लिंबू आणि स्क्रब तर कायमचंच बंद. वाफेने रक्तवाहिन्या अजून उघडतात, ब्लीचने कातडी भाजते. सकाळी गार किंवा साध्या पाण्याने चेहरा धुवा, संध्याकाळी बिनवासाचा सौम्य क्लिन्झर, टॉवेलने घासू नका, नुसतं टिपा. मग साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सिरॅमाइडवालं किंवा ग्लिसरीनवालं, महाग असायलाच हवं असं नाही. नवीन काहीही आणलं की आधी कानाखाली जबड्याच्या कडेला तीन दिवस लावून बघा.

सनस्क्रीन सोडून चालणार नाही, जळगावच्या उन्हात तर नाहीच. केमिकल सनस्क्रीन डोळ्यांत आणि गालावर झोंबत असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या, एसपीएफ 30 च्या वर. त्यातही थोडा रंग असलेलं मिळालं तर त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे पांढरट दिसत नाही आणि लालीही झाकली जाते. स्कूटीवर स्कार्फ बांधता ते उत्तम, पण सिंथेटिक कापड घट्ट बांधून वर हेल्मेट घातलं की आत भट्टी होते, पातळ सुती घ्या आणि शाळेत पोचल्या पोचल्या सोडा. पोळ्या-भाकरी करताना चेहऱ्याला धग लागते, त्यावर कुणीच बोलत नाही, जमलं तर सकाळी लवकर उरका, एक्झॉस्ट लावा, तव्यापासून एक पाऊल मागे उभ्या राहा, आणि रोज तुम्हीच का, घरातल्या बाकीच्यांनीही थोडे दिवस गॅससमोर उभं राहावं.

चहा बंद करू नका. त्रास चहाच्या गरमपणाचा आहे, चहाचा नाही, पाच-सात मिनिटं निवू द्या आणि प्या. कॉफीचंही तेच, उलट अमेरिकेतल्या नर्सेसच्या एका मोठ्या अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांमध्ये रोझेशिया कमीच दिसला. तिखटाचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. तुम्हाला शेवभाजी सोड, वांग्याचं भरीत सोड अशी सरसकट यादी देणं मला बरोबर वाटत नाही, पेशंट महिनाभर पाळतो आणि मग वैतागून सगळंच सोडतो. त्यापेक्षा एक वही घ्या, ज्या दिवशी चेहरा पेटला त्या दिवशी आधीच्या तीन-चार तासांत काय खाल्लं, कुठे गेलात, काय ताण होता ते दोन ओळीत लिहा. महिनाभरात आपोआप दिसतं. माझ्या एका पेशंटना वाटायचं मिरचीने होतं, वहीत निघालं की दालचिनी घातलेला काढा रोज घेत होत्या त्याने होतंय. केसांच्या किंवा ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर त्यात नायसिन आहे का तेही बघा, त्याने चेहरा तापतो.

कायमचं बरं होतं का, तर बीपी-दम्यासारखंच याचं आहे, मुळासकट जात नाही पण ताब्यात राहतं, आणि चांगलं राहतं. माझे कितीतरी पेशंट वर्षातले बरेच महिने नुसत्या मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनवर असतात, उन्हाळ्यात जेल सुरू करतात, पाऊस पडला की बंद. चेहरा शांत झाल्यावरही आठवड्यातून दोन-तीनदा जेल चालू ठेवलं तर परत उठायचं प्रमाण कमी होतं.

आता लग्न. मे महिन्याला अजून चार महिने आहेत, आजपासून सुरू केलं तर वेळ पुरेसा आहे, मार्चमध्ये सुरू केलं तर नाही. स्टिरॉइड सोडतानाचा अवघड काळ फेब्रुवारीतच संपू दे, साडीखरेदी आणि आमंत्रणं त्यानंतर ठेवा म्हणजे लोकांना तोंड दाखवायचा ताण नको. "फक्त लग्नापुरतं" म्हणून ते जुनं क्रीम परत लावायचा मोह एप्रिलमध्ये नक्की होईल, म्हणून डॉक्टरांनी ते पूर्ण बंद करायला सांगितलं की ट्यूब लगेच टाकून द्या, घरात ठेवू नका. पार्लरवालीला आधीच सांगून ठेवा, फेशियल-ब्लीच नाही, मेकअप तुमच्या स्वतःच्या मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनवर, आणि महिनाभर आधी एकदा ट्रायल करून बघा. किंचित हिरवट कन्सीलर खाली लावला तर तांबूसपणा छान झाकला जातो. हळदीला वधूच्या आईलाही सगळ्या जणी हौसेने गालाला माखतात, तुम्ही हात आणि पाय पुढे करा आणि मोठ्या नणंदेला किंवा बहिणीला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती सांभाळून घेईल. कन्यादान आणि होमाला तुम्हाला बसावंच लागणार, तिथे धूर आणि धग दोन्ही असतं, गुरुजींना विनंती करून पाट हातभर मागे घ्या, वाऱ्याने कुंडाचा धूर तुमच्याकडे येणार नाही असं बघा, आणि पर्समध्ये एक छोटा पंखा आणि ओला सुती रुमाल राहू दे.

त्या ट्यूबवरची नावं आणि डोळ्यांचं काय ते मला कळवा, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगता येईल.